कलशेट्टी सरांचा दोन पानी अहवाल

सोलापुरात बेसबॉल खेळणाऱ्यांपेक्षा बेसबॉलचे पदाधिकारी जास्त, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खेळाडूचं काय, दहावी झाला की निघून जातो. पदाधिकारी टिकतो.

सिद्धाप्पा कलशेट्टी या दोन्हींत मोडत नव्हते. ते एका अनुदानित शाळेत सत्तावीस वर्षं पीटीचे सर होते. शाळेतलं जे काम कुणाचंच नाही, ते पीटीच्या सरांचं. प्रार्थनेच्या रांगा, पाण्याच्या टाकीची चावी, पाहुणे आले की खुर्च्या, पाहुणे गेले की पुन्हा खुर्च्या. आठवड्याला पीटीचे दोन तास असत, ते गणिताचे सर घेत, कारण गणिताचा पोर्शन नेहमीच मागं असे. मुख्याध्यापक विचारत, "चालेल ना सर?" आणि सर म्हणत, "बरं." या एका शब्दावर त्यांनी सत्तावीस वर्षांची नोकरी निभावली होती.

मूळचे ते दुधनीचे. घरी कन्नड, शाळेत मराठी. कॉलेजात सॉफ्टबॉलच्या संघात ते कॅचर होते. म्हणजे फलंदाजाच्या मागं उकिडवं बसून, तोंडावर जाळी बांधून, पिचरने फेकलेला प्रत्येक चेंडू झेलणारा गडी. त्या जागी बसायला कुणी तयार नव्हतं आणि सिद्धाप्पांना नाही म्हणता येत नव्हतं, एवढीच त्यांची पात्रता. पण बसले, आणि मग त्यांना ती जागा आवडली. मैदानावर बाकीचे आठ जण एकीकडं तोंड करून उभे असतात. एकटा कॅचर त्या सगळ्यांकडं बघत असतो. त्या तीन वर्षांची आठवण म्हणून उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी राहिली होती. खडू धरताना ती वेगळीच उभी राही आणि पोरं हसत.

उदयसिंहदादांचं सबमर्सिबल पंपांचं मोठं दुकान होतं, आणि त्यांना कशाचं तरी अध्यक्ष व्हायचं होतं. कबड्डी, खोखो, कुस्ती, सगळ्यांचे अध्यक्ष आधीच ठरलेले आणि तब्येतीनं ठणठणीत. बेसबॉल तेवढा रिकामा होता. मग 'अजिंक्य हौशी बेसबॉल मंडळ' निघालं. दुकानाच्या काचेच्या शोकेसमध्ये पंपांशेजारी दोन डझन नव्या चेंडूंचं खोकं, सील न फोडलेलं, मांडण्यात आलं. मंडळाला खेळाचं थोडं तरी कळणारा माणूस हवा होता, म्हणून कलशेट्टी सरांना बोलावणं गेलं.

"सर, तुम्ही सॉफ्टबॉल खेळलाय म्हणे."

"कॉलेजात. लई वर्षं झाली."

"तेच की ओ. चेंडूचा आकार तेवढा वेगळा. तुम्ही आमची निवड समिती."

समितीत तीन जण होते. एक कलशेट्टी सर, दुसरे दादा, आणि तिसरे एक गृहस्थ, जे कोऱ्या कागदावर सही करून गावाला गेले होते.

त्या वर्षी धाराशिवला निमंत्रित स्पर्धा होती, सतरा वर्षांखालच्या मुलींची. स्पर्धेच्या प्रमाणपत्रानं दहावीला वाढीव गुण मिळतात, अशी शहरात दाट समजूत होती. त्यामुळं ज्या घरांत बेसबॉलची बॅट कुणी डोळ्यानं पाहिली नव्हती, त्या घरांतल्या मुली अचानक बेसबॉलपटू झाल्या. पंधरा जणींची यादी दादांच्या दुकानात, चहाबरोबर, एका बैठकीत तयार झाली. कॅचर म्हणून पहिलंच नाव अंकिताचं, दादांच्या मुलीचं. दादांनी तिच्यासाठी लालभडक मास्क, छातीचं कवच आणि नडगीला बांधायची ढाल असा सगळा संच मागवला होता. संच आला म्हटल्यावर ती कॅचर झालीच. घोडा आणल्यावर स्वार वेगळा शोधायचा असतो का?

अडचण एकच निघाली. स्पर्धेच्या अर्जात निवड चाचणीचा अहवाल जोडायचा होता.

"काय नाही सर," दादा म्हणाले, "अंकूच्या नावापुढं 'योग्य' लिहा. आणखी एकदोघींना बघितल्यासारखं करा, त्यांच्यापुढं 'अयोग्य' लिहा. झाला अहवाल."

"बरं," सर म्हणाले.

बघितल्यासारखं कुणाला करावं, या विचारात ते असतानाच वैरागहून वैजयंती मॅडमचा फोन आला. मॅडम तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत. पीटीला माणूसच नव्हता, म्हणून मोबाईलवर बघून बघून त्यांनी मुलींचा बेसबॉल सुरू केला होता. "सर, आमच्याकडं एक कॅचर हाय. मला त्यातलं लई कळत न्हाय. पण ती मागं बसली की बाकीच्या पोरी नीट खेळतात, एवढं कळतंय. एकदा येऊन बघा की."

रविवारी सकाळी सरांनी बार्शीची एसटी धरली आणि वैरागला उतरले. शाळेचं मैदान म्हणजे एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला वेड्या बाभळी आणि मधे जे उरेल ते. त्या उरलेल्यात आठ-दहा मुली उभ्या होत्या. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागं एक सडपातळ मुलगी उकिडवी बसली होती. राजश्री सरवदे, दहावीतली. डोक्याला जाळीचं क्रिकेटचं हेल्मेट. छातीला बांधलेलं कवच बघून सर थबकले. बसच्या फाटक्या सीटचा फोम, त्यावर निळं रेक्झिन, आणि शिलाई इतकी बारीक की कंपनीनं शिकावी.

"आईनं शिवलं," राजश्री म्हणाली. तिची आई चांगुणा बाजारपेठेत कपडे शिवायची.

पहिले पाचसहा चेंडू सर नुसते बघत राहिले. मग त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. शाळेच्या धावण्याच्या शर्यतीखेरीज ते घड्याळ कधी बाहेर आलं नव्हतं.

पिचरनं एक चेंडू प्लेटच्या पुढं मातीत आपटला. अशा चेंडूला नवखी पोर हात पुढं करते, चेंडू हाताखालून निघून जातो आणि पळणारी पुढच्या बेसवर जाऊन उभी राहते. राजश्रीनं हात पुढं केलाच नाही. दोन्ही गुडघे मातीत टाकले, हनुवटी छातीला लावली आणि अंगच चेंडूच्या आड घातलं. चेंडू रेक्झिनवर धप्पकन आपटून तिच्या पुढ्यातच पडला. पुढचा चेंडू डावीकडं, तोही तसाच. तिसरा उजवीकडं. उठताना तिनं कपड्यांची धूळ झटकली नाही. पुन्हा तिथंच पडायचंय हे तिला माहीत होतं.

मग सरांनी पहिल्या बेसवर एक चपळ मुलगी उभी केली आणि तिला दुसरा बेस चोरायला, म्हणजे चेंडू टाकला जाताच तिकडं पळायला, सांगितलं. पिचरचा हात सुटताच ती पळाली. राजश्रीच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, चेंडू पडला, आणि पडला म्हणेपर्यंत निघालाही. सरांनी घड्याळ दाबलं. चेंडू मिटमध्ये पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या हातात जाईपर्यंत, दोन पूर्णांक चार सेकंद. घड्याळ बिघडलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा पळायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते घड्याळ विसरून तोंडानंच कन्नडमधून मोजायला लागले, 'ऒंदु, एरडु...' मूरु तोंडात यायच्या आत पळणारी बाद. माणूस फार खूष झाला की दुधनीला जातो.

"आता बॅटिंग बघू," ते म्हणाले, आणि खुषी तिथंच संपली.

वीस चेंडूंत चारच लागले. तेही घरंगळत पुढं जाऊन थांबले. पाय बरोबर पडत होता, नजर चेंडूवर होती, आणि ऐन वेळी मनगट ढिलं पडत होतं. जणू बॅटीनं चेंडूला नुसतं गोंजारायचं होतं. सरांनी पवित्रा बदलून पाहिला, बॅट वर धरायला लावली. काही फरक नाही.

"चेंडूला भ्येतीस का गं?"

"न्हाय सर."

अंगावर चेंडू घेणारी पोर भिणार नाही, हे सरांना दिसत होतंच. "मग जोरात का मारत न्हाईस?"

राजश्रीनं मॅडमकडं बघितलं. शेवटी वैजयंती मॅडमच म्हणाल्या, "सर, चेंडू दोनच हायेत. जोरात बसला की ओढ्यात जातो न्हायतर बाभळीत. मग पोरी तासभर हुडकत बसतात. गेल्या वर्षी हिनंच तीन घालवले."

सरांनी ओढ्याकडं पाहिलं, बाभळींकडं पाहिलं. मग त्यांना दुकानातलं ते सीलबंद खोकं आठवलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी अहवाल लिहिला. सत्तावीस वर्षांत त्यांनी पुष्कळ अहवाल लिहिले होते, सगळे 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' या एका वाक्याचे. हा दोन पानी झाला. 'चेंडू अडवणे: उत्तम. हाताने नव्हे, अंगाने अडवते. फेक: वेगवान व सरळ, पाय आधी वळतात. पिचरशी वागणे: चेंडू चुकला तरी तिच्याकडे रागाने बघत नाही, परत देताना दोन पावले पुढे जाते. फलंदाजी: सध्या कच्ची. कारण खेळाडूत नाही, मैदानात आहे.' शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली, आणि मग आपल्याच धाडसाला दचकून कागदाची घडी घातली.

दादांनी अहवाल उभ्यानं वाचला. म्हणजे पहिली ओळ आणि शेवटची सही वाचली.

"सर, हा काय निबंध आहे का? आणि अंकूचं कुठाय यात?"

"तिला अजून बघितलं न्हाय, दादा."

"माझी मुलगी आहे. बघायचं काय त्यात?"

हा मुद्दा बिनतोड होता. सर 'बरं' म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांना का कोण जाणे, त्या रेक्झिनवरच्या शिलाईची आठवण झाली. ते म्हणाले, "अहवालाला चाचणीचे फोटो जोडावे लागतात. दोघींना मैदानावर उतरवू. अंकिताचा मास्कमधला फोटो पण होईल. पेपरवाला बोलवा की."

दादांचा चेहरा उजळला. फोटो म्हटल्यावर ते कुठल्याही तत्त्वाला तयार असत.

"आणि चेंडूंचं खोकं फोडावं लागंल," सर हळूच म्हणाले.

"फोडायचं? मळतील ते."

"फोटोत नवे चेंडू बरे दिसतात."

खोकं फुटलं.

चाचणी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी होम मैदानावर ठरली. नावावरून कुणाचा समज होईल, पण या मैदानाचा होम प्लेटशी काही संबंध नाही. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेची तयारी सुरू झाली होती. एका कडेला आकाशपाळण्याचे खांब उभे राहत होते, दुसरीकडं स्टॉलचे पत्रे ठोकणं चाललं होतं. मधल्या जागेत चुन्यानं बेस आखले. राजश्री, तिची पिचर, दुसऱ्या बेसवरची मुलगी आणि वैजयंती मॅडम पहिल्या एसटीनं आल्या. दादा सत्कार, श्रद्धांजली आणि एका पंपाचं उद्घाटन आटोपून येणार होते.

अंकिता लाल संच चढवून प्लेटमागं बसली. पहिला चेंडू आला तसे तिनं डोळे मिटले. दुसऱ्याला मान फिरवली. तिसरा मागं जाऊन पत्रे ठोकणाऱ्याच्या हातोड्याजवळ थांबला. ती उठली, मास्क वर केला आणि सरांपाशी आली. चेहरा घामानं भिजलेला.

"सर, मला कॅचर व्हायचंच नाहीये. मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं. मला मागं मैदानात पळायला ठेवा ना. मी शाळेत चारशे मीटरला पहिली येते."

"पप्पांना सांगितलंस का?"

"सांगितलं. ते म्हणाले, संच आलाय आता."

सर तिच्याकडं बघत राहिले. आजवर त्यांनी या मुलीला संचासकट एक आडकाठीच धरलं होतं. तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यांनीही नाही. त्यांना जरा लाज वाटली.

"काढ तो संच," ते म्हणाले. "राजश्रीला दे. आणि तू पहिल्या बेसवर उभी राहा. बघू कशी पळतीस."

राजश्रीनं आईनं शिवलेलं कवच घडी करून मॅडमकडं दिलं आणि लाल संच चढवला. अंगाला थोडा मोठा झाला, पण पट्टे आवळल्यावर बसला. नेमके त्याच वेळी दादा गाडीतून उतरले, बरोबर सायंदैनिकाचा वार्ताहर. मैदानाच्या कडेला, चाळीसएक पावलांवर, दोघं उभे राहिले.

पिचरनं चेंडू टाकला. पहिल्या बेसवरची मुलगी हरणासारखी सुटली. लाल संचातली कॅचर उठली, पाय वळले, चेंडू सरळ दोरी धरल्यासारखा दुसऱ्या बेसवर गेला. पळणारी वीतभर अंतरानं बाद. पत्रे ठोकणारेसुद्धा थांबून बघायला लागले.

"बघितलं का," दादा वार्ताहराला म्हणाले. "आमची अंकू. रक्तातच असावं लागतं हे. लिहून घ्या, जिल्ह्यात अशी कॅचर नाही. मी बाप म्हणून बोलत नाही, अध्यक्ष म्हणून बोलतोय."

वार्ताहर लिहून घेत राहिला. पुन्हा एकदा तसंच झालं. तिसऱ्या वेळी पळणारी थोडक्यात वाचली, तेव्हा दादा म्हणाले, "ती पण बरी आहे पळायला. कुणाची आहे विचारून ठेवा."

मग सरांनी राजश्रीला बॅट दिली. "हितं ओढा न्हाय," ते तिला म्हणाले. "खोक्यात दोन डझन हायेत. गेले तर दादांचे जातील. तू मनगट सोडू नकोस." पहिले तीन चेंडू हुकले. चौथा बॅटीच्या मधोमध बसला आणि पाळण्याच्या खांबांवरून पलीकडं गेला. राजश्री दचकून चेंडू हुडकायला पळायला लागली. सरांनी तिला दंडाला धरून थांबवलं. दहापैकी चार लागले, दोन फार लांब. फलंदाज झाली असं कुणी म्हणालं नसतं, पण होऊ शकते असं सरांनी वहीत लिहिलं.

ती बॅटिंगला उभी राहण्याआधी मास्क काढून चेहरा पुसत होती, तेव्हा दादांनी तो चेहरा बघितला होता. आणि त्याच वेळी दुसऱ्या बेसवरून धुळीनं माखलेली, हसत हसत येणारी स्वतःची मुलगी.   वार्ताहर वहीत बघून म्हणाला, "दादा, अंकू म्हणजे नेमकी कोणती? नाव पूर्ण सांगा."

दादांनी घसा साफ केला. "आमची म्हणजे मंडळाची," ते म्हणाले. "सगळ्या मुली आमच्याच. हिचं नाव... सर, हिचं नाव काय?"

"राजश्री सरवदे. वैराग."

"हां. ग्रामीण भागातली गुणवत्ता शोधून काढायची, हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण. आणि ती पळणारी आमची अंकिता. तिला मुद्दामच पळायला ठेवलं."

वार्ताहरानं तेही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आल्यावर धोरण बदलणं दादांनाही शक्य नव्हतं. अहवाल जोडला गेला, दोन्ही पानं.

धाराशिवला संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. याचं कुणाला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. नऊजणींपैकी सहाजणींनी महिन्यापूर्वी चेंडू पहिल्यांदा हातात घेतला होता. दोन सामन्यांत राजश्रीनं दुसरा बेस चोरणाऱ्या पाचजणींना बाद केलं आणि सात वेळा बॅटिंगला जाऊन दोनदाच फटका मारला. अंकितानं मैदानाच्या टोकाला पळत जाऊन एक असा झेल घेतला की तिच्या वडिलांना फोटो काढायचं सुचलं नाही, नुसतेच बघत राहिले. सरांच्या लेखी दादांनी केलेलं ते एकमेव निर्मळ काम.

स्पर्धेला आलेल्या एका प्रशिक्षकांनी राजश्रीला उन्हाळ्यातल्या शिबिराचं पत्र पाठवलं. दोन आठवडे, राहणं-जेवण तिथंच. पत्र आल्यावर सर वैरागला गेले. चांगुणा मशीनवर बसली होती. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पत्र वाचून घेतलं आणि परत त्यांच्या हातात ठेवलं.

"सर, एक इचारू का? ह्यात पुढं काय हाय?"

सरांना मंडळाच्या भाषणातली उत्तरं पाठ होती. उज्ज्वल भवितव्य, राष्ट्रीय पातळी, सरकारी नोकरी. ते तोंडात आलंही. मग त्यांनी समोर बघितलं. ही बाई एकेक टाका मोजून घालणारी होती.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "जास्त काय न्हाय. हा खेळ आपल्याकडं कुणी बघत न्हाय. एखादी पुढं जाते, बाकीच्या लग्न करून विसरतात. मी पण खेळलो, मला काय मिळालं न्हाय. पोलीस भरतीला प्रमाणपत्र चाललं तर चाललं, न्हाईतर न्हाय."

चांगुणानं मान हलवली. ऐकून ती खट्टू झाली नाही, उलट जरा मोकळी बसली.

"पोरीचं कौतुक करायला आतापातूर जे आले ते सगळे लई मोटं मोटं बोलून गेले," ती म्हणाली. "आन तुमाला काय वाटतंय? पोरगी खरंच चांगली हाय का उगं आपलं?"

"ताई, मी सत्तावीस वर्षं पोरं बघतोय. ती ज्या जागेवर बसते ना, तितं तिच्यासारखं बसलेलं मी कुणाला बघितलं न्हाय. मी पण बसत नव्हतो."

मशीनचा पाय थोडा वेळ थांबला होता. चांगुणानं कापड सरळ केलं, सुई खाली घेतली.

"मंग बसू द्या की तिला," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा चालू झालं.